हापसा जड झालाय की पोकळ? पाईप काढण्याआधी तरफ तपासा

बोअरवरच्या हापशाची तक्रार साधारण चार शब्दांत येते: "हापसा बंद आहे, या." फोन करणाऱ्याला वाटतं, एवढ्यावर आम्हाला सगळं कळलं. खरं तर 'बंद'मध्ये सात-आठ वेगवेगळे आजार असतात. त्यातले तीन-चार गावातच, पैसा न खर्चता किंवा पन्नास रुपयांच्या ग्रीसवर बरे होतात. गेली कित्येक वर्षं मी हातपंप दुरुस्ती पथकात हेच काम करतोय. निम्म्या वेळा आम्ही पोचतो तेव्हा कोणीतरी हौशी माणसाने आधीच पाने चालवून साध्या दुखण्याचं मोठं दुखणं करून ठेवलेलं असतं.

मी बोलतोय तो हापसा म्हणजे आपल्याकडे गावोगाव दिसणारा, तीन पायांच्या स्टँडवरचा, लांब भरीव हँडलचा इंडिया मार्क टू. अंगणातल्या उथळ विहिरीवरच्या छोट्या बिडाच्या पंपाला यातलं सगळं लागू नाही.

आधी लक्षणं

पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, सरपंचाला नको. रोज हापसणाऱ्या हाताला जे कळतं ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. साधारण ही उत्तरं मिळतात:

- "लई जड जातोय." पाणी येतं, पण दोघींनी मिळून हापसावं लागतं.
- "पोकळ जातोय, ओझंच लागत नाही." हँडल वाऱ्यासारखं खालीवर होतं, पाणी नाही.
- "सकाळी वीस-पंचवीस हापसे मारले की मग पाणी येतं." एकदा आलं की नीट चालतं.
- "कचकच वाजतंय, हँडल आडवं डुलतंय."
- "हँडल वर नेलं की आतून चेन लोंबते, मग धाडकन झटका बसतो."
- "थोडं येतं, मग जातं. तासाभराने परत येतं."

ही उत्तरं वहीवर लिहून ठेवा. शेवटी कामाला येतील.

हापसा म्हणजे शाळेतली तरफच

सहावी-सातवीत टेकू, बल, भार शिकलेलं आठवत असेल. हापशात टेकू म्हणजे हेडच्या, म्हणजे हापशाच्या सगळ्यात वरच्या पेटीतला एक्सल, ज्याच्यावर हँडल फिरतं. बल म्हणजे हँडलच्या टोकाला तुमचा हात. भार म्हणजे पेटीच्या आत चेनला लटकलेले रॉड आणि त्यांच्या खालच्या पिस्टनवर उभं असलेलं पाणी. टेकू मधे, बल एका बाजूला, भार दुसऱ्या बाजूला, म्हणून ही पहिल्या प्रकारची तरफ.

बाकीचे दोन प्रकार स्वयंपाकघरातच सापडतात. अडकित्ता दुसऱ्या प्रकारचा: टोकाला खीळ, मधे सुपारी, दुसऱ्या टोकाला मूठ. तिथे हात सुपारीपेक्षा खिळीपासून लांबच असतो, त्यामुळे जोर नेहमी वाचतो. चिमटा तिसऱ्या प्रकारचा. बोटं मधे दाबतात आणि निखारा टोकाला, म्हणून जोर उलट जास्त लागतो, पण टोक पटकन हलतं आणि हात भाजत नाही. सांडशी मात्र हापशाची बहीण, पहिल्या प्रकारची. पहिल्या प्रकारात फायदा होईल की तोटा, हे टेकू कुठे आहे त्यावर ठरतं. हापशात टेकूपासून चेनपर्यंतचं अंतर एक धरलं तर हँडलच्या टोकापर्यंतचं अंतर आठ. म्हणून आठ किलोच्या भाराला एक किलो जोर पुरतो. फुकट काहीच मिळत नाही: खाली पिस्टन १२५ मिलिमीटर उचलायचा तर हाताला आठपट, म्हणजे एक मीटर खाली यावं लागतं.

हापशाला हाच प्रकार का, तर पहिल्या प्रकारात दिशा उलटते. हँडल खाली दाबलं की भार वर जातो. बाई आपलं अंगाचं वजन हँडलवर टाकू शकते. अडकित्त्यासारखी रचना असती तर पाणी वर यायला हँडल वर ओढावं लागलं असतं, आणि पाठीचे हाल झाले असते.

एक हिशेब करून टाकतो, पुढे सगळीकडे तोच लागेल. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो तो बोअरमधला सिलिंडर. त्याचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं तोंड साधारण ३२ चौरस सेंटिमीटर. बोअरमधलं पाणी ३० मीटर खाली असेल तर पिस्टनवर ९५ किलोच्या आसपास पाण्याचा भार. १२ मिलिमीटरच्या रॉडचं वजन मीटरला ९०० ग्रॅम धरा, तीस मीटरचे २७ किलो. म्हणजे चेनवर सव्वाशे किलोच्या जवळ. हँडल भरीव लोखंडाचं असतं, त्याचं स्वतःचंच वजन दहा किलोच्या घरात, आणि ते वजन रॉडांचं ओझं तोलून धरतं. शेवटी हाताला लागतो तो दहा-बारा किलोचा जोर. एवढाच. यापेक्षा फार जास्त लागत असेल किंवा काहीच लागत नसेल, तर टेकू, बल, भार या तिघांपैकी कोण बिघडलंय ते शोधायचं.

पहिली तपासणी: हात कुठे धरलाय

हसू नका. पैसा लागत नाही आणि दर आठ-दहा तक्रारींत एक इथेच सुटते. गर्दीत लहान पोरं हँडलच्या मध्यावर लोंबकळतात. मध्यावर धरलं की बलभुजा (टेकूपासून हातापर्यंतचं अंतर) निम्मी आणि जोर दुप्पट. टोकाला धरा आणि पूर्ण खालीवर करा. अर्धे हापसे मारले की पाणीही अर्धंच येणार.

मग वीत घेऊन हँडल मोजा. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीवर 'जड' म्हणून तक्रार होती. मी मोठ्या ऐटीत दहा पाईप बाहेर काढले, सिलिंडर उघडला, वॉशर नवे घातले, सगळं परत सोडलं. दिवस गेला. संध्याकाळी हापसून बघितलं तर तसाच जड. कडेला बसलेली एक आजी म्हणाली, "ते दांडकं जुनं नाही बाबा. मोडलं व्हतं, पोरांनी वेल्डिंग करून आणलं." मोजलं. चेनपर्यंतच्या अंतराच्या जेमतेम पाचपट लांबी, आणि भरीव लोखंडाऐवजी पोकळ पाईप. दोन्ही बाजूंनी मार: भुजा आठाची पाच झाली आणि रॉडांना तोलणारं वजनही गेलं. हाताला वीस किलोच्या वर जोर लागत होता. मी तिथे शंभर फूट खाली जाऊन आजार शोधत होतो, तो डोळ्यांसमोर होता.

तेव्हा हँडल मूळचं आहे का, वाकलंय का, तुकडा जोडलाय का, हे आधी बघा. जोडलेलं असेल तर नवं हँडल मागवायला सांगा. बाकी काही उघडू नका.

दुसरी: चाळीस हापसे

एक बादली आणि मोजायला एक माणूस. पाणी सुरू झाल्यावर टोकाला धरून पूर्ण लांबीचे ४० हापसे मारा. एका हापशाला ४०० मिलिलिटर धरले तर ४० हापशांना सोळा लिटर होतात, पंधरा लिटर मिळाले तरी हापसा ठणठणीत समजा. म्हणजे घरातली मोठी बादली भरायला हवी. आठ-नऊ लिटरच आले तर पिस्टनवरचे वॉशर झिजलेत किंवा पाईप कुठेतरी गळतोय. वॉशर झिजले की पाणी पिस्टनच्या कडेने खाली निसटतं, त्यामुळे हँडल हलकंही लागतं. लोकांना वाटतं हापसा सुधारला!

तिसरी: अर्धा तास थांबा, मग मोजा

पाणी चालू करा, बंद करा, अर्धा तास कुणाला हात लावू देऊ नका. मग हापसे मोजत पाणी आणा. चार-पाचात आलं तर ठीक. वीस लागले तर पाईपमधलं पाणी खाली उतरतंय. ३२ मिलिमीटरच्या पाईपमध्ये रॉडची जागा सोडून मीटरला नऊशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणून सव्वादोन हापशांना एक मीटर असा हिशेब बसतो. वीस हापसे म्हणजे अर्ध्या तासात पाणी नऊ मीटर उतरलं. दोषी बहुधा सिलिंडरच्या तळाचा व्हॉल्व्ह, त्यात खडा किंवा रेती अडकते. नाहीतर पाईपच्या जोडाला किंवा गंजून भोक. तरफेचा इथे काही संबंध नाही आणि वरच्या पेटीत कितीही ग्रीस कोंबलं तरी उपयोग नाही. हे वाक्य मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगतो.

चौथी: उन्हाळा आहे का?

मार्च-एप्रिलमध्ये 'हापसा जड झाला' अशा तक्रारी एकदम वाढतात. त्यातल्या बऱ्याच हापशात बिघाड नसतोच. बोअरमधलं पाणी एक मीटर खाली गेलं की पिस्टनवर तीन किलोंहून थोडा जास्त भार वाढतो. दिवाळीला वीस मीटरवर असलेलं पाणी एप्रिलमध्ये पस्तीसवर गेलं तर भार ४७ किलोंनी वाढला, आणि आठाने भागून हाताला सहा किलो जास्त. हापसा खरं बोलतोय, खाली पाणी गेलंय.

"थोडं येतं, मग जातं" हे लक्षणही इथलंच. सिलिंडरपर्यंतचं पाणी उपसून संपतं, बोअर परत भरायला वेळ घेतो. शेजारच्या विहिरींची पातळी विचारा. त्याही खाली गेल्या असतील तर दुरुस्ती पथकाला बोलावून इतकंच होईल की ते एखादा पाईप वाढवून सिलिंडर खाली सोडतील, तेही बोअर तेवढा खोल असेल तर.

पाचवी: नट-बोल्ट आणि पुढचं झाकण

इथून हत्यार लागतं: १७-१९ चा पाना. हेड, टाकी आणि स्टँड यांच्या जोडावरचे बोल्ट आवळा. हेड हलत असेल तर टेकूच हलतोय, आणि टेकू हलला की तुमच्या जोरातला काही भाग हेड डुलवण्यातच जातो. स्टँडच्या पायाचं काँक्रीट फुटून पाय हलत असतील तर गवंडी लावा, आणि सिमेंट मुरेपर्यंत हापसा दोर बांधून बंद ठेवा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी पाळत नाही.

मग हेडचं पुढचं झाकण उघडा. बोटं आत घालण्याआधी हँडल दोघांनी घट्ट धरा. आतला कमानीसारखा तुकडा आणि चेन यांच्यात बोट सापडलं तर वर सव्वाशे किलो असतात. मी बोट गमावलेला माणूस पाहिलाय.

ती कमान तिथे का आहे ते नीट बघण्यासारखं आहे. हँडल गोल फिरतं, पण रॉड बोअरमध्ये सरळच खालीवर व्हायला हवा. चेन कमानीवर गुंडाळत जाते, त्यामुळे ती कायम सरळ खाली लोंबते आणि टेकूपासूनचं तिचं अंतरही बदलत नाही. भारभुजा तेवढीच, आठाचा हिशेब शेवटपर्यंत आठच. ही कल्पना आपल्याच भागातली. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या पाणीकामातून आधी जालना पंप आणि मग सोलापूर पंप तयार झाला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याच वाटेने मार्क टू आला. त्याआधीचे बिडाचे पंप एका घरापुरते ठीक होते. अख्खं गाव त्यावर लोटलं की पिना झिजायच्या आणि हँडल मोडायचं.

चेन कोरडी, गंजलेली असेल तर ग्राफाइट ग्रीस लावा, महिन्यातून एकदा. चेन एका बाजूला घासत असेल, एखादी कडी अडकून ताठ झाली असेल, तर ती बदलायची वेळ आलीय. कुणी चेन काढून तिथे सळई वेल्ड केलेली असेल (असे महाभाग आहेत), तर रॉड दर हापशाला तिरका ओढला जातो. तो पाईपला घासून दोघांनाही खातो.

हँडल वर नेताना चेन ढिली पडते का, हेही आत्ताच बघून घ्या. चेन ओढू शकते, ढकलू शकत नाही. पिस्टन खाली जातो तो फक्त रॉडांच्या वजनाने. बोअर उथळ असून रॉड कमी असतील किंवा नवे वॉशर सिलिंडरमध्ये घट्ट बसले असतील, तर पिस्टन रेंगाळतो, चेन लोंबते आणि पुढच्या हापशाला झटका बसतो. वॉशर नवे असतील तर आठ-पंधरा दिवस वाट बघा, बहुतेक वेळा ते बसतात. जुन्या, खोल हापशात अचानक असं होऊ लागलं तर रॉड वाकलाय किंवा सिलिंडरमध्ये रेती गेलीय.

सहावी: टेकू, म्हणजे बेअरिंग

हँडल उजवीकडे-डावीकडे हलवा. किंचित खेळ चालतो. बोटभर डुलत असेल आणि कचकच येत असेल तर एक्सलवरची दोन बेअरिंग गेली. पहिल्या प्रकारच्या तरफेत सगळ्यात जास्त मार टेकू खातो. भार खाली ओढतो, हातही खाली दाबतो, आणि दोघांची बेरीज टेकूवर येते. आपल्या हिशेबात सव्वाशे किलो भार, दहा-बारा किलो हात आणि दहा किलो हँडल, म्हणजे दीडशेच्या जवळपास, दिवसातून हजारो वेळा. अडकित्त्याच्या खिळीवर मात्र दोघांची वजाबाकी येते.

आधी एक्सलचा नट आवळून बघा, कधी कधी तोच ढिला असतो. आवळूनही डुलतंय तर बेअरिंग बदलावी लागणार.

इथे थांबा

बेअरिंग बदलायला चेन रॉडपासून सोडावी लागते. सोडताना रॉडांना आधार देणारं हत्यार तुमच्याकडे नसेल आणि ते वापरायचं प्रशिक्षण गावातल्या कुणी घेतलेलं नसेल, तर चेनच्या बोल्टला हात लावू नका. आधार सुटला की सगळे रॉड पाईपमध्ये खाली घसरतात. मग ते खाली जाऊन पकडून आणायला वेगळी हत्यारं आणि नशीब, दोन्ही लागतं. पन्नास मिनिटांचं काम पाच दिवसांचं होतं. एक्सलवर सरळ हातोडा घालणं हाही आवडता उद्योग आहे. त्याने आटे बसतात आणि मग नवा एक्सल आला.

"पोकळ जातोय" हे लक्षण असेल आणि झाकणातून चेन शाबूत दिसत असेल, तर बहुधा खाली रॉड तुटलाय किंवा जोडातून सुटलाय. भारच गेला, म्हणून हँडल पोकळ. हेही आमचं काम. पाईप काढण्याचं तर गावात नावच घेऊ नका. तीस मीटर पाईपचं नुसतं वजन ९० किलोंच्या वर, तळाचा व्हॉल्व्ह चांगला असेल तर आत तेवढा उंच पाण्याचा खांब, रॉड आणि सिलिंडर वेगळे. दीडशे किलो एका शिकंज्यावर लटकलेले असतात. ट्रॅक्टरला दोर बांधून पाईप ओढणारी मंडळी मला भेटलीत. पाईप मधेच तुटला आणि खालचे सहा पाईप बोअरमध्ये राहिले. तो बोअर कायमचा गेला.

पाण्याचा रंग लालसर येत असेल तरी पाईप गंजला असावा असं समजून आम्हालाच बोलवा.

बोलावताना काय सांगायचं

ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीच्या हातपंप देखभाल दुरुस्ती पथकाकडे तक्रार द्या, आणि 'बंद आहे' एवढंच लिहू नका. सुरुवातीला वहीत लिहिलेली बाईंची वाक्यं जशीच्या तशी लिहा: जड की पोकळ. ४० हापशांना किती लिटर आले. अर्ध्या तासानंतर किती हापशांत पाणी आलं. हँडल मूळचं की जोडलेलं. चेन आणि बेअरिंग कशी दिसली. शेवटचे पाईप कधी काढले होते आणि किती आहेत. एवढं कळलं की आम्ही गाडीत योग्य सामान भरून निघतो, नाहीतर वॉशर घेऊन येतो आणि गरज एक्सलची असते.

आणि पथकाने पाईप काढून परत सोडले असतील तर बोअरमध्ये टीसीएल पावडर (पाण्यातले जंतू मारणारी) टाकली का, हे विचारून घ्या. त्यानंतर वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, पिण्याला तोवर दुसरीकडून आणा.